हौशे, नवशे, गवशे

जत्रेत तीन तऱ्हेची माणसं येतात असं आपण म्हणतो: हौशे, नवशे आणि गवशे. वेबच्या जत्रेत मी हौशी. पोटापाण्याचं काम भाषांतराचं. रात्री जेवणं आटोपली की एचटीएमएल लिहिते. माझं एकच पान आहे. त्यावर जाहिरात नाही, कोण आलं-गेलं ते मोजणारं यंत्र नाही. फक्त एक यादी आहे: रायपूरच्या गोल बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची नावं, तीन रकान्यांत, छत्तीसगढी, हिंदी आणि मराठी.

पूजेच्या सामानापासून किराण्यापर्यंत या जुन्या बाजारात सगळं मिळतं. माझी यादी मात्र बांबूच्या वस्तूंपाशी रेंगाळते. पर्रा म्हणजे बांबूचं पसरट ताट, बिजना म्हणजे छोटा पंखा. छत्तीसगढी लग्नात दोन्ही लागतात. टुकना मोठा, टुकनी लहान, आणि शेण-माती वाहायला झउहा. या तिन्हींसमोर एकच 'टोकरी' लिहून मोकळं होता येतं. मराठीत मात्र पाटी, दुरडी, परडी, रोवळी, हारा अशी फौज उभी राहते आणि कोणती कशासमोर ठेवायची यावर एक रविवार सहज जातो. शब्द माहीत असून भागत नाही. वस्तू हातात घेऊन तिचा काठ बघावा लागतो.

पान उघडलं की ब्राउझर विचारतो, हिंदी पानाचं भाषांतर करू का? छत्तीसगढीला स्वतःचा आंतरराष्ट्रीय कोड आहे, एचएनई. मराठीचा एमआर. मी प्रत्येक रकान्याला आपापला कोड लावला आहे, तरी यंत्राला सगळं हिंदीच दिसतं. कोडाचा उपयोग होत नाही असं नाही. ज्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, तिथे एमआर लिहिताच पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. न लिहिल्यास हिंदी वळणाचा. अक्षर तेच, पण कुठल्या घरचं ते सांगावं लागतं.

तंत्रज्ञान भाषा मारतं, हे मला पटत नाही. भाषेला धोका असतो तो न विचारता गृहीत धरण्याचा, आणि ते संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. रायपूरच्या मराठी घरांत शाळा हिंदी, बाजार हिंदी. तिसऱ्या पिढीच्या जिभेवरून ळ हळूच उतरतो आणि 'काळं'चं 'कालं' होतं. कुणी बंदी घातलेली नसते. विधानसभेने 2007 मध्ये छत्तीसगढीला हिंदीसोबत राजभाषा केलं, तरी दुकानांच्या पाट्यांवर ती क्वचितच दिसते. बोलायची ती, लिहायची हिंदी, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं आहे.

अशा भाषांचं काम बहुतेक वेळा हौशी माणसांनीच केलं. छत्तीसगढीचं व्याकरण 1885 मध्ये लिहिलं ते हीरालाल काव्योपाध्याय या शिक्षकाने. ग्रियर्सनने त्याचं इंग्रजी भाषांतर 1890 मध्ये प्रसिद्ध केलं. घरी मराठी असलेल्या माधवराव सप्र्यांनी 1900 मध्ये पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेलं. आणि आमच्या काळात राजनांदगावचे रवि रतलामी, म्हणजे रविशंकर श्रीवास्तव. नोकरी वीज मंडळातली. पण लिनक्सचे मेनू, सूचना, बटणं हिंदीत आणि छत्तीसगढीत आणण्यात त्यांनी वर्षं घातली. 2024 मध्ये ते गेले. संगणकावरची छत्तीसगढी कशी दिसावी, हे ठरवायला त्यांना कुणी नेमलं नव्हतं.

हौसेची दुसरी बाजूही आहे. हौस फिटते, माणूस थकतो, डोमेनचे पैसे भरायचे राहतात. जिओसिटीजवरची लाखो घरगुती पानं 2009 मध्ये बंद झाली. शिवाय गवशे आता फार वाढले आहेत. भाषा शिकणारी यंत्रं वेबवरचं सगळं उचलून नेतात. माझी टुकनीही गेली असेल. पानाला कुलूप लावावं, असं मनात आलं होतं. पण 1993 मध्ये सर्न संस्थेने वेब सगळ्यांना मोफत खुलं केलं, म्हणून तर माझं पान उभं राहिलं. शब्द मलाही बाजाराने फुकटच दिले.

फुकट दिले कुणी, हा प्रश्न मात्र उरतो. निम्मे शब्द एका बांबूवालीने सांगितले. मोबाइलवर तिला पान दाखवलं, तर म्हणाली, "येमा का मिलही, नोनी?" यातून काय मिळणार? माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "दाई, तुझं नाव लिहिते." तिने मान हलवली. "नाव झन लिख, भाव लिख." नाव नको, भाव लिही.

तेव्हापासून चौथा रकाना आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो निरर्थक, पण त्याच्यामुळे मला दर लग्नसराईत बाजारात जावं लागतं. भाव शिळा झाला की दाई रागावते. अर्थ शिळा झाला तर कुणी रागावत नाही. शब्दसंग्रह एकदा करून ठेवता येतो, भाव मात्र पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, आणि विचारताना दोन नवे शब्द कानावर पडतात.

गेल्या सराईत दोन ओळींत भावाच्या जागी रेघ मारावी लागली. वस्तू आलीच नव्हती. प्लास्टिकची आली होती आणि तिला सगळे 'टब' म्हणत होते. दाईला विचारलं, 'टब' कुठल्या रकान्यात घालू? ती म्हणाली, "तीनों मा." तिन्हींत.