कपाटातल्या कॅमेऱ्याची दुखणी

साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्या आम्हा भावंडांच्या घरी कॅमेरा म्हणजे सोन्यानाण्याच्या खालोखालचा ऐवज. तो गोदरेजच्या कपाटात आणि किल्ली आईच्या कमरेला. मुंजीला, बारशाला, सहलीला तो बाहेर पडायचा. आम्हा पोरांना त्याला हात लावायची मुभा नव्हती, पण त्याचं कुठं दुखतं हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. आत्याच्या गुडघ्यांइतकीच त्याची चौकशी व्हायची.

पहिला होता आग्फाचा क्लिक थ्री. काळा, प्लास्टिकचा, 120 चा रोल घेणारा. एका रोलमध्ये 12 चौकोनी फोटो. भिंगापाशी ऊन आणि ढग अशा खुणा. पाठीमागे छोटी लाल खिडकी, तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा दिसायचा. आकडा मधोमध येईपर्यंत रोल फिरवायचा आणि खटका दाबायचा. या कॅमेऱ्यात खटका आणि रोल यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. रोल पुढे नेला नाही तरी खटका पडायचाच. बाबांचा नियम होता, फोटो झाला की लगेच रोल फिरवायचा. काकांचा नियम, फोटो काढायच्या आधी फिरवायचा. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर. पण एकाच लग्नात कॅमेरा दोघांच्या हातात फिरला, की कधी मधलीच चौकट कोरी राहायची, तर कधी आजीच्या पदरातून गणपतीची सोंड निघायची. तो फोटो कुणी फाडला नाही. अजून अल्बममध्ये आहे.

कडेने पांढरा पट्टा आला की रोल सैल गुंडाळला गेला, किंवा उन्हात भरला, हे निदान घरातच व्हायचं. म्हणून रोल भरताना आई पाठ उन्हाकडे करून उभी राहायची आणि पदर पसरायची. कुणी शिकवलं नव्हतं तिला. स्टुडिओवाल्यानं एकदा दुकानाच्या दारात सांगितलेलं तिच्या लक्षात राहिलं होतं.

मग आखातातून येणाऱ्या मामा-काकांबरोबर घरोघरी याशिका आले. आता रोल 36 फोटोंचा, आणि दुखणीही नवी. सर्वांत वाईट दुखणं म्हणजे रोलचं टोक आतल्या चक्रीत अडकतच नसे. रोल पुढे न्यायची किल्ली ओढली जाई, आकडा पुढे सरके, आणि अख्खी मुंज त्या न हललेल्या फिल्मच्या एकाच तुकड्याला सोपवली जाई. त्यावरचा उपाय साधा होता: किल्ली ओढताना डाव्या बाजूची रोल परत गुंडाळायची खुंटी फिरते का, ते बघायचं. ती फिरली तर रोल लागला. हे कळल्यापासून आमच्याकडे पहिल्या फोटोआधी सगळे त्या खुंटीकडे बघत उभे राहायचे, नवरदेवसुद्धा. रोल मध्येच अडकला तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं नाही, गोधडी आणायची. दारं-खिडक्या बंद, दिवे बंद, गोधडीखाली बाबा, आणि बाहेर आम्ही सगळे श्वास धरून. आतून फक्त हातांची चाचपणी ऐकू यायची. फाटलेल्या भोकांची फिल्म हातानं गुंडाळून डबीत गेली की दिवा लागायचा.

त्या पिढीतल्या याशिका इलेक्ट्रो 35 चं एक दुखणं मला अजून विलक्षण वाटतं. त्याच्या वरच्या भागात एक लाल आणि एक पिवळा दिवा असतो. उजेड फार असला तर लाल, कमी असला तर पिवळा. वर्षं सरली की हे दिवे भलतंच सांगू लागत आणि फोटो पांढरेफटक येत. कारण आत, शटरच्या यंत्रणेत, एक छोटीशी रबरी गादी असते. ती कालांतरानं चुरा होते. गादी धड असेल तर रोल पुढे नेताना आतून एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो. गादी गेली की तो आवाज बंद. इतका महागाचा कॅमेरा, आणि त्याचं सगळं त्या चिमुकल्या रबरावर! जाणता कारागीर हातात घेऊन एकदा किल्ली ओढायचा, कानाशी न्यायचा आणि रोग सांगायचा.

पण खरा वैरी पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेला पाणी सुटतं, आणि काचेवर कोळ्याच्या जाळीसारखे बारीक धागे उगवतात. ती बुरशी. बोटांचे ठसे आणि धूळ यांवर ती पोसली जाते, आणि तिच्यातून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खाऊन टाकतं. मग बुरशी पुसली तरी डाग जात नाही. दुःख याचं की जिवापाड जपण्यासाठी घेतलेली चामड्याची केसच ओल धरायची. चामड्यातून काढून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी टाका, हे आम्हाला उशिरा कळलं. ते निळे खडे ओल शोषून गुलाबी व्हायचे. मग एका जुन्या तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे. तो तवा स्वयंपाकासाठी पुन्हा वापरायचा नाही, ही आईची सक्त ताकीद.

दुर्बिणीचं प्रकरण वेगळं. 1986 च्या मार्च-एप्रिलमध्ये हॅलेचा धूमकेतू पहाटे बघायला गच्च्यांवर जत्रा भरली, तेव्हा शेजारपाजारच्या जुन्या दुर्बिणी बाहेर पडल्या. कुणाची 7 x 50, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी, पुढची काच 50 मिलिमीटरची. कुणाची लहान 8 x 30. निम्म्या लोकांनी ‘बिघडलीय’ म्हणून परत दिल्या, आणि त्यांतल्या बहुतेक बिघडलेल्या नव्हत्याच. उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून आधी डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं. मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याकडची कडी फिरवायची. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांत फरक असतो, तो त्या कडीनं भरून निघतो. एवढं केलं की गच्चीवरचे काका एकदम गप्प होऊन आकाशात बघत राहायचे.

खरोखर बिघडलेली दुर्बीण दोन-दोन दाखवते. दूरची विजेची तार बघावी. एकीच्या दोन दिसल्या, तर पडल्या-आपटल्यानं आतला लोलक सरकलाय. इथं घरगुती हुशारी चालत नाही. तरी आमच्या घरांत ती चालवली गेलीच: काचेची कडी सोडवायला दोन टोकांचा पाना नव्हता, म्हणून कंपासपेटीतला कर्कटक पुढे आला. तो सटकला की काचेवर जन्माची रेघ. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात बसणारे कारागीर लोलक काढण्यापूर्वी पेन्सिलीनं खूण करत, डाव्या नळीतला उजवीत जाऊ देत नसत, आणि सुटलेले स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांडून ठेवत. लोलक एका केसाइतका तिरका बसला तरी डोकं दुखतं, हे त्यांना बोटांनी कळायचं. त्यांच्या समोरच्या बाकड्यावर तासन्‌तास बसलो आहोत आम्ही, आणि ते बसणं मला शाळेतल्या कितीतरी तासांहून मोलाचं वाटतं.

ते कारागीर आता थोडेच उरले आहेत. म्हणून सांगावंसं वाटतं: ज्यांच्या घरी असा एखादा कॅमेरा अजून आहे, त्यांनी तो भंगारात देण्याआधी मागचं झाकण उघडून, शटर ‘बी’वर ठेवून, खटका दाबून धरून, भिंगातून टॉर्च टाकून बघावा. सेलच्या खणात पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं ती बऱ्याचदा निघते. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज चिकट झाला असेल तर तो खरवडून नवा लावता येतो. बुरशी नुसती बाहेरच्या काचेवर असेल तर फारसं काही बिघडलेलं नाही. आणि 120 चा रोल आजही मिळतो.