अब्बांची वही

रमजान आला की अब्बा दुकानाची वही उघडतात. माल, शिल्लक, येणे-देणे मांडून अडीच टक्के जकात काढतात. पैचाही फरक नाही. इन्कमटॅक्स म्हटले की मात्र वही बंद. २०२४ साली दुकान वाढवायला कर्ज मागितले, तर बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली. एकही नव्हते. मी उर्दू शाळेत गणित शिकवते. माझा कर पगारातून परस्पर कापला जातो, म्हणून मीही कधी चौकशी केली नव्हती. लाज वाटली. मग त्याच वहीवरून दोघे शिकलो. २ कोटींपर्यंत विक्री असलेला दुकानदार रोख विक्रीवर किमान ८ आणि बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवून सोपे विवरण भरू शकतो. गरिबाच्या हाती दिलेली जकात त्यातून वजा होत नाही, हे मी भीतभीतच सांगितले.

"ते खाते वेगळंच आहे, बेटा," अब्बा म्हणाले, "तू पुढची ओळ वाच."