हर्सूलच्या दाराशी

दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महालापाशी वाटाड्या थांबतो आणि सांगतो, "गोवळकोंड्याचा तानाशहा इथं कैदेत होता." १६८७ साली औरंगजेबाने त्याचे राज्य बुडवले आणि त्याला येथे डांबले, मरेपर्यंत सुटका नाही. मंडळी तिकीट काढून ती जागा पाहतात, हळहळतात, फोटो घेतात. आम्हीही घेतला.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला जायचे होते. छत्रपती संभाजीनगरातले आमचे यजमान हर्सूललाच राहतात. तुरुंग खात्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमची मुले त्यांना मामा म्हणतात. मध्यवर्ती कारागृहासमोर एस्टीची वाट पाहत उभे होतो. या दारापाशी मात्र कोणी फोटो काढत नव्हते.

"नवा माणूस आला की पहिल्यांदा काय करतात हो?" सौभाग्यवतींनी विचारले.

"घड्याळ काढून घेतात," मामा म्हणाले.

घड्याळ, अंगठी, पैसे सारे वहीत लिहून जमा. त्याआधी वॉरंटावरचे नाव आणि अंगावरची खूण जुळवायची, मग झडती. बायकांची झडती बायकांनीच घ्यायची. डॉक्टर वजन टिपतात, जखमा टिपतात. जुनी जखम दारातच लिहिलेली बरी, नाहीतर ती आत झाली की बाहेर, हा वाद उभा राहतो. १८९४ च्या कायद्याने घालून दिलेली ही रीत.

आम्ही बाहेरची माणसे सगळ्यांना कैदी म्हणून मोकळे होतो. आत मात्र कच्चा वेगळा, पक्का वेगळा. पक्क्याला शिक्षा झालेली; त्याला सरकारी कपडे, काम आणि चांगल्या वागणुकीबद्दल थोडी माफी. कच्च्याचा खटला अजून चालायचा आहे. त्याचे कपडे त्याच्याच अंगावर राहतात, सक्तीचे काम नाही, म्हणून दिवस सरत नाही. २०२२ साली देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन असे कच्चेच होते.

"जेवण दिवस मावळायच्या आत. मग मोजणी, मग बराकीला कुलूप. जुना माणूस रात्रीसाठी एक पोळी बाजूला ठेवतो. नवा ताटाला हात लावत नाही, आणि दहा वाजता भुकेनं उठून बसतो. दिवा रात्रभर जळतच असतो. फेरीला गेलं की आम्ही आधी त्याच्याकडं बघायचो."

का, ते कोणी विचारले नाही.

इतक्यात कापडी पिशवी घेतलेली एक बाई जवळ आली. नुकताच मुलगा आत गेलेला. "दादा, आत देऊ देतात का हो?" पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि स्टीलचा डबा.

"कपडे तपासून घेतील, मावशी. खायचं मात्र कोर्टाच्या परवानगीशिवाय नाही जायचं."

बाईने डबा बाहेर काढला. बेसनाचे लाडू होते. थोडा वेळ तो नुसता हातात धरून उभी राहिली. मग एक लाडू आमच्या बेबीच्या हातावर ठेवला, झाकण लावले आणि सदऱ्यांच्या घड्या नीट करत दाराकडे चालू लागली.