झाकून ठेवलेल्या गाडीलाही घाम फुटतो

आजची नोंद बागेची नाही, मोटारसायकलची आहे. पण फटका बागेला बसला, म्हणून इथंच लिहितोय.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर वडिलांनी गाडी चालवणं सोडलं. दिवाळीनंतर मी ती धुतली, पत्र्याच्या शेडमध्ये मातीवर उभी केली, वर शेततळ्याचा उरलेला कागद टाकून दोरीनं घट्ट बांधला. म्हटलं, आता दव लागायचं नाही.

आमच्या निफाड भागात जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. अशाच एका पहाटे तीनला बागेत शेकोट्या पेटवायला निघालो, तर माझी गाडी पंक्चर. वडिलांची काढली. किक मारून मारून पाय भरला, पण चालू होईना. शेवटी तीन किलोमीटर पायी गेलो. दोन दिवसांनी खालच्या कोपऱ्यातल्या दोन ओळींत तडकलेले मणी दिसले. वेळेत पोचलो असतो तर सगळे वाचले असते असं म्हणणार नाही, पण रुखरुख राहिली.

मिस्त्रीनं कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाला पाणी. टाकीत आतून गंज.

पाऊस नव्हता, मग पाणी आलं कुठून? खरं तर द्राक्षवाल्याला हे कळायला हवं होतं. डाऊनी नको म्हणून आपण कॅनॉपी मोकळी ठेवतो, हवा खेळती ठेवतो. गाडीला मात्र मी कोंडून घातलं. जमिनीची ओल कागदाखाली अडकली आणि रात्री गार लोखंडावर थेंब होऊन बसली. टाकीचंही तेच. रात्री आतली हवा आकसते, झाकणाच्या बारीक भोकातून बाहेरची दमट हवा आत येते. टाकी जितकी रिकामी, तितकी ही ये-जा जास्त. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी शोषतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाण्यासकट तळाला बसतं.

यंदा असं केलंय :

१) धुतल्यावर गाडी दिवसभर उन्हात वाळवली, मगच आत घेतली.
२) टाकी जवळपास काठोकाठ भरली.
३) चाकांखाली फळ्या, मातीवर जाड कागद. म्हणजे प्लास्टिक खाली, गाडीवर नाही.
४) वरून जुनी सुती चादर, तीही सैल. कोरड्या दुपारी ती काढून ठेवतो.
५) खताच्या गोण्या शेडमधून हलवल्या. युरिया ओल धरतो आणि खताच्या क्षारानं लोखंड लवकर गंजतं.
६) चेनला ऑइल लावलं, बॅटरीची वायर सोडली.

आणखी एक चूक मी करायचो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं गाडी नुसती चालू करून बंद. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन नीट तापलं नाही तर ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच राहतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर समजायचं. चालवायची तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवा, नाहीतर हात लावू नका.

वडील काल शेडमध्ये येऊन टाकीवरून हात फिरवून गेले. म्हणाले, "कोरडी आहे रे."

तुमच्या शेडमध्ये कागदाखाली काही झाकलेलं असेल, फवारणी पंप असो की इंजिन, उद्या सकाळी सात वाजता कागद उचलून हात लावून बघा.