बोथट कोयता

गेल्या सणाला चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही बोथट कोयत्यावर जोर लावत होतो. तो निसटला आणि एका भावाचा अंगठा कापला.

यंदा आधी धार लावायची ठरली. खाचेच्या धारयंत्रात जाड पातं बसेना. विजेच्या चाकावर ते तापून निळं पडलं, तर पोलादाचा कडकपणा जातो. म्हणून दोन बाजूंचा दगड घेतला. पातं 20-25 अंशांवर धरायचं, आधी खरखरीत बाजू, मग मऊ.

धार नसली की जोर वाढवावा लागतो, हे उपदेशक 10:10 मध्येही आहे. आमच्या प्रार्थनेत मऊ बाजूच फार. त्या भावाची क्षमा वर्षभर मागितलीच नव्हती. रविवारी मिस्साआधी मागितली.

प्रभू येशू, खरखरीत बाजू टाळू नये, एवढं बळ आम्हांला दे. आमेन.