भिवंडीतलं टाइम मशीन

भिवंडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ट्रॅफिक? खड्डे? नाशिकला जाताना मानकोलीला वाया गेलेला अर्धा तास? आणि हो, ऑनलाइन ऑर्डर ट्रॅक करताना मोबाइलवर येणारा तो मेसेज... तुमचं पार्सल भिवंडीला पोचलंय. आपल्यापैकी बहुतेकांचा भिवंडीशी संबंध एवढाच. आपल्या वस्तू तिथे जातात, आपण जात नाही.

मी मात्र दोन वर्षं जवळपास दर शनिवारी तिथे जात होतो. ऑफिसात विचारायचे, "काय मग, वीकेंडला कुठे? अलिबाग? लोणावळा?" मी म्हणायचो, "भिवंडी." पुढचा प्रश्न यायचाच नाही!

आता कारण सांगतो. मी तिथे टाइम मशीन बांधत होतो.

नऊ फुटी खूळ

'डॉक्टर हू' ही बीबीसीची सायन्स फिक्शन मालिका. २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, मध्ये बरीच वर्षं बंद होती आणि २००५ मध्ये पुन्हा नव्याने आली. मला तिचं वेड लागलं हॉस्टेलमध्ये, रूममेटच्या हार्ड डिस्कवरून. त्यातला डॉक्टर ज्या यानात बसून काळाच्या मागे-पुढे फिरतो त्याचं नाव टार्डिस. बाहेरून साधा निळा पोलीस बॉक्स आणि आत शिरलात की अवाढव्य. जिथे उतरेल तिथल्या एखाद्या वस्तूचं रूप हे यान घेऊ शकतं. पण ती यंत्रणा बिघडली आणि बिचारं कायमचं पोलीस बॉक्स होऊन बसलं, अशी ती भानगड.

गंमत म्हणजे असे बॉक्स लंडनमध्ये खरोखर होते. गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी १९२९ च्या सुमारास तिथल्या पोलिसांसाठी त्यांचं डिझाइन केलं. भिंती काँक्रीटच्या, दार सागवानी. बाहेरच्या छोट्या झडपेमागे फोन, म्हणजे कुणालाही पोलीस बोलावता यायचे. आत हवालदाराला टेकायला, रिपोर्ट लिहायला जागा. वरचा दिवा लुकलुकला की गस्तीवरच्या शिपायाने स्टेशनला फोन करायचा. पुढे पोलिसांच्या हातात वायरलेस आले आणि बॉक्स रस्त्यावरून गेले. टीव्हीवाल्यांनी मात्र आपला बॉक्स लाकडाचा केला, नंतर १९८० पासून फायबरग्लासचाही. उचलून नेता यावा म्हणून! म्हणजे बघा, पावसात उभा राहायचा तो खरा बॉक्स. मालिकेतला सगळा शूटिंगपुरता मामला.

मला हवा होता मालिकेतला बॉक्स, पण खऱ्यासारखा बाहेर उभा राहणारा. नऊ फूट उंच, सव्वाचार फूट रुंद. ठाण्यातल्या वन बीएचकेमध्ये तो मावणार नव्हता आणि सोसायटीच्या आवारात सेक्रेटरी मावू देणार नव्हते. मग आठवला मामा.

बारा माग आणि एक रिकामी शेड

मामाचा भिवंडीत कारखाना होता. बारा यंत्रमाग. लहानपणी मे महिन्यात जायचो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच खटखट सुरू व्हायची. आत शिरलं की बोलणं बंद, सगळं खुणांनी. रात्री झोपलो तरी ती खटखट कानात असायची. हे गाव देशातल्या सगळ्यात मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. इथे विणलं जाणारं बरंचसं कापड 'ग्रे', म्हणजे रंग-धुलाई न झालेलं. ते पुढे प्रोसेसिंगला जातं आणि मग कुठे तुमच्या-आमच्या अंगावर येतं.

२०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी... धंदा आधीच धापा टाकत होता, नंतर बसलाच. २०१८ मध्ये मामाने बाराही माग काढले. भंगारवाल्याने वजनावर घेतले. मामी सांगते, टेम्पो गेला त्या दिवशी मामा जेवला नाही, आणि त्यानंतर शेडचं कुलूप त्याने क्वचितच उघडलं. मूळचा बडबड्या माणूस एकदम हो-नाही वर आला.

गावाचंही असंच बदलत होतं. मुंबईच्या हद्दीबाहेर माल ठेवला की जकात वाचायची, म्हणून काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे, वळ या पट्ट्यात गोदामं उठली. पुढे जकात गेली, पण हायवे जवळ, जेएनपीटी आवाक्यात, त्यामुळे गोदामं वाढतच राहिली. मामाची शेडही भाड्याने मागायला लोक येत होते. तो नुसतं "बघू" म्हणायचा.

मी विचारलं, "मामा, तुझ्या शेडमध्ये एक बॉक्स बांधू?"

"कसला बॉक्स?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली. एक शब्द नाही.

पैसे पाण्यात, शब्दशः

२०२३ चा एप्रिल-मे. साधा कमर्शियल प्लाय, खिळे, फेव्हिकॉल, ऑइल पेंटचे तीन हात. फंडा सोपा होता... पाणी आत येऊ द्यायचं नाही. जिथे फट दिसेल तिथे सिलिकॉन. जूनच्या पहिल्या आठवड्यात बॉक्स अंगणात आणून उभा केला. जाम भारी दिसत होता! फोटोंवर लाइक्सचा पाऊस पडला.

मग खरा पाऊस पडला. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो. आपल्या ठाणे जिल्ह्यात सरासरी अडीच हजारांच्या आसपास, तोही मुख्यतः चार महिन्यांत. जुलैत दार फुगून अडकलं. रंगाला फोड आले. ऑगस्टमध्ये दार खेचून उघडलं तर आत हिरवी-काळी बुरशी आणि खालची फळी पुरीसारखी टम्म! अडतीस हजार रुपये पाण्यात.

मी ओल्या पायरीवर डोकं धरून बसलो होतो. मामा छत्री घेऊन आला, बॉक्सभोवती एक फेरी मारली आणि खाली वाकून बोट लावलं.

"वरून नाही आलं रे पाणी. खालून चढलंय. आणि तू सगळीकडून बंद केलंस, मग ते जाणार कुठून?"

कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेली ही सगळ्यात लांब वाक्यं होती. मग तो सुटलाच. सांगायला लागला की विणताना सूत कोरडं पडलं तर तुटतं, म्हणून मागावर हवेत ओल लागते. पण विणून झालेला तागा ओलीत ठेवला की डाग पडतात, व्यापारी माल परत पाठवतो. "सुताला ओल लागते, ताग्याला चालत नाही. एकाच शेडमध्ये दोन्ही सांभाळलंय मी तीस वर्षं." तागे कायम लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच. भिंतीपासून हातभर लांब. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री याच शेडमध्ये गुडघाभर पाणी होतं. खालच्या दोन थरांचे तागे गेले, वरचे सगळे वाचले.

दुसरा बॉक्स आम्ही दोघांनी बांधला.

टेक टू

दिवाळीनंतर सुरुवात केली. या वेळी मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून घेतलेला. पण नुसता महाग प्लाय आणून भागत नाही, बॉस. पाणी प्लायच्या पाठीतून नाही, कापलेल्या कडेतून आत शिरतं. म्हणून जोडणीच्या आधीच प्रत्येक कड, स्क्रूचं प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद केलं. खाली चार इंचांचा काँक्रीटचा कट्टा, त्यावर गॅल्वनाइज्ड पाइपची चौकट आणि त्यावर बॉक्स. म्हणजे लाकूड जमिनीला कुठेच टेकत नाही आणि खालून वारा खेळतो. वर दिव्याखाली, बाहेरून दिसणार नाहीत अशा जाळीच्या झडपा. आत ओल आलीच तर तिला जायला वाट.

छत फायबरचं केलं. पूर्णा गावाजवळच्या एका गाळ्यातला कारागीर पाण्याच्या टाक्यांपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं करतो. मी त्याच्याकडे ऑगस्टमध्येच गेलो होतो. म्हणाला, "भैया, बारिश में मत करो. रेझिन चिपचिपा रहेगा." हवेत ओल असली की रेझिन नीट सेट होत नाही. जानेवारीत बोलावलं आणि साचा काढून दोन दिवसांत छत दिलं. चारही बाजूंना उतार, कड भिंतीच्या पुढे दोन इंच. त्या कडेला खालून बोटाएवढी खाच मामाने सांगून पाडून घेतली. खाच नसेल तर पाणी कडेखालून सरपटत भिंतीपर्यंत येतं. खाच असली की तिथेच थेंब होऊन खाली पडतं. घराच्या छज्जाखाली गवंडी जे करतो तेच.

दाराचं मात्र माझं डोकं चालेना. एका शनिवारी गेलो तर शेडचं मागचं जुनं सागवानी दार बिजागऱ्यांवरून काढून, रंधा मारून तयार! खऱ्या पोलीस बॉक्सचं दारही सागवानीच होतं, हे मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मग? त्यांना काय अक्कल नव्हती होय?"

मे २०२४. निळा रंग, पांढऱ्या खिडक्या, वर दिवा आणि चारही बाजूंना 'पोलीस' लिहिलेल्या पाट्या. तिसऱ्याच दिवशी मामीचा फोन. "अरे, फाटकात एक जण आलाय, मोबाइल चोरीला गेल्याची तक्रार घ्या म्हणतोय!" गल्लीभर झालं होतं की नवीन चौकी आली. बाहेरच्या पाट्या त्याच संध्याकाळी निळ्या रंगाखाली गेल्या. चाहत्यांनो, माफ करा.

मग जून, जुलै, ऑगस्ट. मी ठाण्यात बसून फोन करायचो. "मामा, पाणी?" तो टॉर्च घेऊन जायचा, आत हात फिरवायचा. "कोरडं." एकदा फक्त दिव्याच्या वायरच्या भोकातून थेंब आला. त्याने वायरला खाली एक वळसा दिला, म्हणजे पाणी वायरवरून आत न जाता वळशातच गळून पडतं. मला रविवारी कळलं.

दसऱ्याला गेलो. या दिवशी भिवंडीत माग थांबतात, पुसले जातात, त्यांना हार घालतात. मामाकडे २०१८ पासून पूजाच नव्हती. त्या दिवशी बॉक्सच्या दाराला झेंडूचं तोरण होतं आणि खाली करवत, रंधा, पाना मांडून हळद-कुंकू वाहिलेलं. मी काही बोललो नाही. मामा म्हणाला, "दिवाळीनंतर शेड देतोय भाड्याने. बोललोय त्यांच्याशी."

सध्याचा मुक्काम

शेडमध्ये आता कुठल्या तरी कंपनीची खोकी आहेत. बॉक्स फाटकापाशी तिथेच आहे आणि २०२५ चा पावसाळाही त्याने काढला. रात्रीचा वॉचमन तो वापरतो. आत स्टूल, टॉर्च, रेनकोट, डबा. फोन चार्जिंगला लावतो आणि गाडी आली की वरचा दिवा पेटवतो. लंडनच्या शिपायाचं काम आणि याचं काम, फार फरक नाही!

मागच्या वेळी मी त्याला कौतुकाने सांगितलं, "मालूम है, ये डब्बा अंदर से बहुत बड़ा होता है."

त्याने आत पाहिलं, पाय लांब करून बघितले.

"नहीं साब," म्हणाला, "छोटा पड़ता है."

जायचंय?

ठाण्याहून बाळकुम-कशेळी-काल्हेरमार्गे अंजूरफाटा, किंवा नाशिक हायवेने मानकोली-रांजणोलीमार्गे. ट्रेनने जायचं तर दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड स्टेशन आहे, पण गाड्या कमी, वेळ बघून निघा. शनिवारी सकाळी लवकर जा, दुपारनंतर ट्रकांचं राज्य असतं. हाताशी वेळ असेल तर तालुक्यातच लोनाडचं जुनं शिवमंदिर आणि डोंगरातलं लेणं बघा. वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडंही याच तालुक्यात. आणि मागांची खटखट ऐकायची असेल तर गावातल्या कुठल्याही गल्लीत दोन मिनिटं गाडी बंद करून थांबा. अजून ऐकू येते.