पाइनच्या दाराला सागाचा रंग

पाइनच्या लाकडाला गडद रंग चढत नाही असं म्हणतात. चढतो, पण त्याच्या मर्जीने! या लाकडात मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून असतात. मऊ पट्टा स्टेन पिऊन घेतो, कठीण पट्टा कोरडाच राहतो. गाठींजवळ आणि कापलेल्या कडांवर तर काळे धब्बे उमटतात. दुकानातून गडद डबा आणून दोनदा फासलेलं एक टेबल मी पाहिलंय, नायटा झाल्यासारखं दिसतं.

आमच्या घरी प्रश्न होता दादीच्या कपाटाचा. कपाट सागाचं, वयाने काळपट झालेलं. एक दार वाळवीने खाल्लं. साग परवडेना, म्हणून सुताराने पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन वापरून नवं दार बसवलं. आपाच्या निकाहनंतर हे कपाट तिच्या सासरी जायचं होतं. एक दार काळं, एक पांढरं, हे अम्मीला पाहवेना. अब्बांनी सारी उमर पॉलिशचं काम केलं, पण मोतीबिंदूमुळे आता त्यांना छटा कळत नाहीत, हातही कापतो. तेव्हा हात माझे, इल्म त्यांचं.

"बेटा, आधी लाकडाची तहान भागव," अब्बा म्हणाले. दार रेषेच्या दिशेने १२० आणि मग १८० नंबरच्या पेपरने घासलं. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये ३० ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवून, गाळून, त्याचा एक पातळ हात दिला, कडांना दोन. वाळल्यावर ३२० च्या पेपरने अगदी हलकं घासलं. अब्बा डोळे मिटून बोटं फिरवत आणि खरखर राहिलेली जागा बरोबर सांगत.

मग अक्रोडी रंगाचा तेलाचा स्टेन लावून लगेच पुसला. रंग सारखा आला, पण फिका. अम्मीचा चेहरा उतरला. लाख आधी बसल्यामुळे लाकूड कमी रंग घेणारच. काळोखी वरच्या थरांतून आणायची असते. पूर्ण दोन दिवस वाळू दिलं. नंतर चपड्याच्या पॉलिशमध्ये स्पिरिटमध्ये विरघळणारा तपकिरी रंग चिमूटभर घालून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात दिले. ओल्या जागेवरून पुन्हा बोळा फिरवायचा नाही, कारण स्पिरिट खालचा थर सोडवतो. प्रत्येक हात आधी त्याच फळीच्या तुकड्यावर पाहिला. (हे काम पावसाळी हवेत करू नये, पॉलिश पांढुरकं पडतं. आणि स्पिरिट चुलीपासून लांब!)

सातव्या हातानंतर ट्यूबलाइटखाली दोन्ही दारं एक दिसू लागली. सकाळी उन्हात मात्र नवं दार किंचित तांबूस वाटलं. अब्बांना सांगितलं, तर म्हणाले, "आपाला फोन लाव. तिच्या खोलीत खिडकी कोणत्या बाजूला आहे, विचार."